खुर्चीवरून उठायचे नाही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले की मी आईवडिलांच्याही आधी वेणूबाई खांबेट्यांचे नाव घेतो. ऐकणाऱ्याला ते रुचत नाही. त्यांना स्वतःलाही रुचले नसते. उपकार हा शब्द त्यांच्यासमोर काढला की त्या विचारीत, "मग परत कधी करणार?" दरबारच्या अमदानीत त्या मुलींच्या शाळा तपासत. ग्वाल्हेरात, निदान आमच्या लष्कर भागात, त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. सगळे इन्स्पेक्टरीणबाई म्हणत. मला त्यांनी कॉलेजात पोचवले. आमच्या घराण्यात तलवार धरलेले हात पुष्कळ होते, टाक धरलेला एकही नव्हता. आणि एवढे करून बाईंनी मला जन्मात एकदाही "बरं केलंस" म्हटले नाही.

चुकीचे इंग्रजी कानावर पडले की बाई तोंड भिंतीकडे फिरवीत. रागावत नसत, सुधारून सांगत नसत, नुसत्या भिंतीकडे बघत बसत. आपण आपले वाक्य उलटेपालटे करून म्हणत राहायचे. बरोबर आले की त्या वळत. एकदा माझे वाक्य काही केल्या बरोबर येईना. बाईंनी भिंतीकडे बघत अडकित्ता काढला, सुपारी कातरली, खाल्ली, आणि शेवटी भिंतीलाच म्हणाल्या, "तू तरी सांग गं याला." शेजारी बसलेला दत्तू हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आले.

"रडायचं असेल तर पडावावर जा," बाई म्हणाल्या. "तिथे इंजिनाच्या शिट्टीत कुणाला ऐकू येत नाही. तुझा बाप तिथेच असतो, टांग्यातून घेऊन जाईल."

माझे वडील स्टेशनापाशी, पडावावर, टांगा हाकत. त्याआधी ते दरबारच्या रिसाल्यात सवार होते. संस्थाने विलीन झाली, ग्वाल्हेर आणि इंदूर मिळून मध्यभारत झाला, आणि संस्थानी फौजेतले धडधाकट तेवढे हिंदुस्थानच्या फौजेने उचलले. वडिलांचा गुडघा पूर्वीच घोड्यावरून पडून अधू झालेला. त्यांना घरी पाठवले. त्याच सुमारास रिसाल्यातून काढून टाकलेली एक घोडी त्यांनी मिळवली आणि टांग्याला जुंपली. "दोघं एकाच हुकमात निघालो," असे ते म्हणत, आणि तिला सहसा चाबूक लावत नसत.

बाई दौलतगंजात राहत आणि वडिलांच्याच टांग्यातून ऑफिसला जात. एके दिवशी वाटेत त्यांनी विचारले, "तुझा मुलगा घोड्याला चारा घालण्यापलीकडे काही करतो का?"

"जी बाई. मॅट्रिकला आहे. अंग्रेजी वाचून राहिला."

"वाचून राहिला. बोलून राहिला का?"

"बोलायला समोर कोणी पाहिजे न, बाई."

"उद्या पाठव," बाई म्हणाल्या. "आणि अंघोळ करून पाठव."

मी दत्तूला बरोबर घेऊन गेलो. दत्तू आमच्याच वस्तीतला, रिसाल्यातल्या जमादाराचा मुलगा. माझ्याहून हुशार होता, हे मला, त्याला आणि शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक होते. बाईंनी दोघांना दारातच थांबवून पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, "दोन घोडे. बघू कोणता चालतो."

आम्हाला काय मिळवायचे होते ते सांगायला हवे. पूर्वी सवाराच्या मुलाला शिकायचे असले तर सरदाराने शब्द टाकावा, दरबारातून वजीफ्याचा, म्हणजे शिष्यवृत्तीचा, हुकूम निघावा, अशी रीत होती. विलीनीकरणानंतर त्याच्या जागी कमिटी आली. अध्यक्ष इंदूरकडचे, खादीतले. एक प्रोफेसर. आणि जुन्यांचा मान ठेवायचा म्हणून एक वृद्ध सरदार, ज्यांच्या हाताखाली आमच्या वस्तीतल्या निम्म्या बापांनी चाकरी केलेली. मॅट्रिक झालेल्या गरीब मुलाला कॉलेज, हॉस्टेल आणि पुस्तके फुकट द्यायची की नाही, ते ही तीन माणसे समोर बसवून, प्रश्न विचारून ठरवीत. आमच्यासारख्यांना कॉलेजात शिरायचे तेवढे एकच दार होते. ते उघडले नाही तर टांगा होताच.

बाईंनी आम्हाला त्या दारासाठी तयार केले. शिकवणी फुकट होती, पण त्यात माया नव्हती. आम्ही व्हरांड्यातल्या चटईवर बसायचे, त्या आत पलंगावर. पाणी मागितले तर वरून ओंजळीत ओतत. मला एकदा हिवताप झाला तेव्हा बाई आमच्या वस्तीत आल्या. आईने राखेने घासून तांब्या लखलखीत केला आणि पाणी पुढे केले. बाई उंबरठ्याबाहेर उभ्या राहिल्या, तांब्याकडे पाहिले नाही, आणि अंथरुणात थरथरणाऱ्या मला तिथूनच डिक्टेशन दिले. जाताना आईला म्हणाल्या, "ताप उतरला की हे परत लिहायला लाव. सगळं वाकडं आलंय." आई त्यांच्या मागे बराच वेळ तांब्या धरून उभी होती. मला त्याचे वाईट वाटले, आजही वाटते. पण तापातल्या पोराला शिकवायला दौलतगंजातून दुसरे कोणी आले असते का, हेही मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

थंडीत मी वडिलांचा रिसाल्याचा जुना कोट घालून जाई. आमच्याकडच्या थंडीत त्याच्यावाचून चालत नसे, आणि खरे सांगायचे तर त्याच्या पितळी बटणांचा मला डौलही होता. बाईंनी मला जवळ बोलावले. प्रथमच त्या माझ्या इतक्या जवळ आल्या होत्या. कात्रीने त्यांनी एकेक बटण कापले आणि माझ्या हातात ठेवले.

"कमिटी दरबार विसरायला बसली आहे. तू आठवण करून द्यायला जातोस?"

"बाई, थंडी वाजते."

"वाजू दे. वाजते ती दिसू देऊ नकोस."

मी कोट हाताने मिटून धरून घरी गेलो. वडिलांनी कोटाकडे पाहिले, माझ्या मुठीकडे पाहिले आणि जेवायला बसले.

बाईंचे एक वाक्य होते: "गरीब असणं हा गुण नव्हे." आम्ही निबंधात कुठे दारिद्र्याचा उल्लेख केला की त्या ते वाक्य म्हणत आणि ओळ खोडत. दत्तूने एकदा धीर करून विचारले, "बाई, मग कमिटीला कळणार कसं, आम्हाला गरज आहे ते?"

"गरज तुमच्या चपलांवरून कळते. तोंडाने अक्कल कळू दे."

कमिटीचा दिवस जवळ आला तेव्हा बाई म्हणाल्या, "उद्यापासून बापांना घेऊन या." आम्हाला वाटले, काही समजावून सांगायचे असेल. दुसऱ्या दिवशी खोलीच्या मध्यभागी एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती. व्हरांड्यातल्या चटईवरून आम्ही पहिल्यांदाच आत गेलो.

"मी अशा कमिटीत बसलेली आहे," बाई म्हणाल्या. "मुलगा येतो, खुर्चीवर बसतो, बरं बोलतो. मग घरची परिस्थिती विचारायला बापाला आत बोलवतात. बापाला खुर्ची नसते. बाप हात जोडून उभा राहतो. मुलगा ताडकन उठतो. एकदा उठला की त्याचं इंग्रजी संपलं. मग बाप बोलतो, आणि कमिटीला वाईट वाटतं. कमिटीला वाईट वाटलं की ती चपराशाची जागा देते. घरी पेढे वाटतात." त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिले. "तर खुर्चीवरून उठायचं नाही. बाप उभा असो, वाको, पाया पडो. बसून उत्तर द्यायचं. प्रश्न बापाला विचारला तरी उत्तर तुम्ही द्यायचं."

वडील उभे असताना बसून राहणारा मुलगा आमच्या वस्तीत एक तर आजारी असे, नाही तर वाया गेलेला.

आधी माझी पाळी आली. मी बसलो. वडील समोर उभे राहिले, दुखऱ्या पायावर भार न देता, थोडे तिरके. बाईंनी कमिटीचा आवाज लावला. "काय करतोस तू?"

"टांगा चालवतो, हुजूर."

"मुलाला कॉलेज कशाला?"

वडिलांनी सवयीने तोंड उघडले. मी बसल्या जागेवरून इंग्रजीत उत्तर दिले. माझा आवाज मला परका वाटला.

"वाक," बाई वडिलांना म्हणाल्या. "सरदारांसमोर वाकतोस तसा."

वडील वाकले. उजवा हात जमिनीपर्यंत नेऊन कपाळाला लावला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. बाई माझ्याकडे बघत होत्या, वडिलांकडे नाही.

"आणखी वाक."

ते पुन्हा वाकले. बाईंनी मला विचारले की विज्ञान घेणार की कला, आणि का. मी सांगितले. व्याकरण चुकले. बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले. मी वाक्य सुधारीपर्यंत वडील तसेच वाकलेले होते.

परतताना मी टांग्यात मागे बसलो होतो. वडिलांनी वळून पाहिले नाही. "बराबर बसलास," एवढेच म्हणाले. घोडीला मात्र त्या दिवशी चाबूक लागला.

दत्तूची पाळी दुसऱ्या दिवशी होती. त्याचे वडील, जमादार, पांढऱ्या मिशांचे, अजूनही पाठीचा कणा ताठ ठेवून चालणारे. त्यांनी हात जोडले मात्र, दत्तू उठला. बाई म्हणाल्या, "बस." तो बसला. बाई जमादारांना म्हणाल्या, "वाक." दत्तू पुन्हा उठला.

"बाई, इंग्रजीतलं काहीही विचारा," तो म्हणाला. "निबंध सांगा, कविता सांगा. हे नाही जमत."

"मग जा."

"माझं इंग्रजी याच्यापेक्षा चांगलं आहे, बाई."

"कितीतरी चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "जा."

बाईंच्या तोंडून मी ऐकलेली ती एकुलती एक स्तुती. जमादारांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "चल बेटा. बाईंना राम राम कर." दत्तूने राम राम केला. दोघे जिना उतरले. बाईंनी खुर्चीकडे बोट दाखवले आणि मला म्हणाल्या, "तू बस. कालचं व्याकरण."

कमिटीसमोर दत्तू आपल्या जोरावर गेला. त्याचा नंबर माझ्या आधी होता. आतून त्याचा आवाज येत होता, स्वच्छ, न अडखळणारा. मला वाटले, बाई चुकल्या. मग जमादारांना आत बोलावले आणि दत्तूचा आवाज थांबला. थोड्या वेळाने दोघे बाहेर आले. जमादारांचे डोळे भरले होते, आनंदाने. "नोकरी लागली पोराला," ते म्हणाले. "शिक्षण खात्यात. सरदारसाहेब खुद बोलले, तुझ्या घरात आज चूल पेटली पाहिजे." ते धावत जाऊन पेढे घेऊन आले. माझे नाव पुकारले गेले तेव्हा त्यांनी एक पेढा माझ्याही हातात कोंबला. तो खावा की टाकावा हे न कळून मी तो मुठीत धरूनच आत गेलो आणि खुर्चीवर बसलो.

अध्यक्षांनी विचारले, प्रोफेसरांनी विचारले, मी उत्तरे दिली. मग वडिलांना बोलावले. वडिलांनी आत येताच सरदारांना मुजरा केला, बाईंकडे शिकले नव्हते इतका खाली. सरदार खुश झाले.

"काय रे, रिसाल्यातला न तू?"

"जी, हुजूर."

"पोराला कॉलेज कशाला? आमच्या शब्दावर दप्तरात चिकटवून देतो."

वडिलांनी हात जोडले. "हुजूर म्हणतील तसं."

ते तसे म्हणणार नाहीत असे त्यांनी घरी कबूल केले होते. पण त्यांचे हात जुळले की तोंडातून दुसरे काही निघतच नसे. मी खुर्चीवरूनच इंग्रजीत म्हणालो, "साहेब, शिकायचं मला आहे. याचं उत्तर मी देईन. मला दप्तरातली जागा नको."

पेढ्याचा लगदा माझ्या बोटांतून बाहेर येत होता. सरदारांना इंग्रजी पुरते कळले होते. ते माझ्याशी बोलले नाहीत. वडिलांना म्हणाले, "पोरगं हातचं गेलं रे तुझं."

"जी, हुजूर," वडील म्हणाले.

इंदूरचे अध्यक्ष हसले आणि त्यांनी कागदावर काही लिहिले. मला कॉलेज मिळाले.

बाईंना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "हॉस्टेलात उवा असतात. केस बारीक करून जा." मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

हॉस्टेलातून पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा वडील घोडीला खरारा करत होते. मला पाहून त्यांनी हात पुसले. "आलात?" ते म्हणाले. "आपण आधी जेवून घ्या." मला वाटले, चेष्टा करताहेत. आईकडे पाहिले, तर ती पोळीकडे बघत होती. त्या दिवसापासून वडिलांनी मला कधी अरे-तुरे केले नाही. मी पुष्कळ विनवले. "नाही, नाही," ते म्हणत, "आता आपण मोठे झालात." त्यात राग नव्हता. राग असता तर मी तो काढू शकलो असतो.

दत्तूची नेमणूक झाली ती नेमकी बाईंच्या ऑफिसात. मी अधूनमधून तिथे जाई, तर तो त्यांच्या दाराशी स्टुलावर बसलेला असे. मला पाहिले की उठून पडदा बाजूला करी. "जा साहेब, आत खुर्ची रिकामी आहे." मी म्हणायचो, "दत्तू, पुरे कर." तो म्हणायचा, "अरे, ड्यूटी आहे माझी." बाई त्याला ऑफिसातले इंग्रजी कागद कधी हाताळू देत नसत. पाण्याचा पेला आणि घंटी, एवढेच. मी एकदा म्हटले, याला प्रायव्हेट इंटरच्या परीक्षेला बसवा. बाई म्हणाल्या, "त्याने मला विचारलेलं नाही. तू त्याचा वकील आहेस का?" त्याने खरेच कधी विचारले नाही.

माझे बी. ए. झाले आणि पुढे मध्यभारतही मोडला. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरची ऑफिसे बासनांत बांधून वॅगनींत भरली गेली. त्यांच्याबरोबर माणसेही गेली. बाईंच्या डोक्यावर तिथे त्यांच्याहून कितीतरी कनिष्ठ माणूस बसणार, हे आधीच ठरले होते. वडिलांच्या टांग्यातून त्या स्टेशनवर आल्या. मी पोचवायला गेलो होतो. दत्तूचीही बदली त्यांच्याबरोबरच होती. तो डब्यात पेट्या चढवत होता.

मी मनात फार दिवस ठेवलेले विचारले. "बाई, त्या दिवशी दत्तूला आणखी एक संधी दिली असती तर?"

बाईंनी आवाज खाली आणला नाही. "दत्तू तुझ्याहून हुशार होता. मी हुशार मुलगा शोधत नव्हते. हुशार मुलं चपराशी झालेली मी पुष्कळ पाहिली आहेत. मी बसून राहणारा शोधत होते."

दत्तू दोन हातांच्या अंतरावर उभा होता. "बाई," तो म्हणाला, "पेटी वर टाकली. बिस्तर खिडकीशी लावलं आहे."

"ठीक," बाई म्हणाल्या, आणि गाडीत चढल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात केला नाही. त्या समोरच्या बाकाकडे बघत होत्या.

त्यांच्याविषयी कठोर शब्द मी पुष्कळांकडून ऐकले आहेत, आणि त्यांतला एकही खोटा म्हणता येणार नाही. तरी आमच्या वस्तीत आज घरोघर शिकलेली माणसे आहेत, आणि त्यांतल्या पहिल्याला दार उघडून आत ढकलणारी बाई ही होती. मला त्यांच्याविषयी जे वाटते ते मी एकदाच, त्या भोपाळला गेल्यावर काही महिन्यांनी लिहिलेल्या पत्रात, कळवायचा प्रयत्न केला. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. ती देऊन थांबतो.

"तीर्थस्वरूप बाईंस साष्टांग नमस्कार.

मला मुरारला शाळेत मास्तराची जागा मिळाली. वडिलांचा गुडघा थंडीत त्रास देतो, बाकी सर्व ठीक. आपली प्रकृती कशी आहे ते दत्तूने कळवले. तिथे आपल्याला खोली ओलसर मिळाली आहे असे तो लिहितो.

संध्याकाळी माझ्याकडे वस्तीतली काही मुले येतात. कोणाचा बाप हमाल आहे, कोणाचा पहारेकरी. मी त्यांना आपल्याच पद्धतीने शिकवतो. गरिबीवर निबंध लिहू देत नाही. चुकले की सांगत नाही, त्यांचे त्यांना शोधू देतो. एक गोष्ट मात्र मी केली नाही. मी त्यांच्या बापांना खोलीत बोलावले नाही. ते माझ्याने होणार नाही.

यंदा त्यांतला एक मुलगा कमिटीसमोर गेला. फार चांगला मुलगा आहे. त्याचा बाप आत आला आणि तो उठून उभा राहिला. कमिटीला वाईट वाटले. त्याला चपराशाची जागा देऊ केली. तेव्हा आपले म्हणणे खरे होते, हे मी मान्य करतो.

ती जागा मी त्याला घेऊ दिली नाही. मुलाला समजावले, आईला समजावले, बाप समजला नाही. पुढल्या वर्षी मुलगा पुन्हा कमिटीसमोर बसेल. तोवर त्यांच्या घरी काय शिजेल ते मला ठाऊक नाही, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही. मुलगा रोज येतो. त्याच्या मागोमाग त्याचा बाप येतो आणि माझ्या दाराबाहेर बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, मला आणि मुलाला शिव्या देतो. मी दार लावत नाही. मुलगा मान वर न करता लिहीत राहतो.

आपला,
महादेव"